चौदावी पायरी : परीक्षणांनी झोडपलेल्या एका भयपटाचं प्रकरण

एका झपाटलेल्या घरावरचा चित्रपट प्रदर्शित झाला, समीक्षकांनी तो झोडपला आणि तो आठवड्याभरात पडद्यावरून उतरला. काही महिन्यांनी डिजिटल प्रदर्शनासाठी त्याचं संकलन नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं. मूळ संकलन माझं नव्हतं. चित्रपटाचं आणि माणसांचं नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. वाईट परीक्षणं हातात आल्यावर ती वाचायची कशी, आणि त्यांतून नेमकं काय घ्यायचं, हे या कामात मला फार जवळून पाहायला मिळालं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

आई गेल्यानंतर एक बाई आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आईच्या बंद घरात राहायला येते. धाकटा भाऊ आधीपासून तिथेच आहे. त्याला घर विकायचंय, हिला नाही. घरात कुणीतरी वावरतंय हे आधी मुलीला कळतं, मग तिच्या आईला. भावाला कधीच कळत नाही.

पटकथेतली सगळ्यात चांगली कल्पना जिन्याची होती. मुलीला पायऱ्या मोजायची सवय आहे. चढताना तेरा होतात. रात्री उतरताना चौदा. चौदावी कुठून आली ते कुणी सांगत नाही. ती पायरी नाहीच, मुलीच्या मागून उतरणाऱ्या कुणाचं तरी ते एक पाऊल आहे, हे प्रेक्षकाच्या मनात आपोआप उतरायचं होतं. पटकथा वाचलेला प्रत्येक जण आधी या प्रसंगाबद्दल बोलायचा.

चित्रपट प्रदर्शित झाल्यावरची तीसेक परीक्षणं मी वाचली. एकातही या प्रसंगाचा उल्लेख नव्हता. वाईट आहे म्हणूनही कुणी नोंदवला नव्हता. समीक्षकांना तो दिसलाच नव्हता.

परीक्षणं काय म्हणत होती

तक्रारी मुख्यतः चार होत्या. मधला भाग संथ आहे. दचके स्वस्त आहेत, मोठा आवाज करून घाबरवतात. शेवट फसवतो. आणि नायिका पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत घाबरलेली आहे.

निर्मातीच्या टेबलावर मात्र परीक्षणं नव्हती, परीक्षणं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी होती. त्या आकड्याने सगळे खचले होते. इथे एक गैरसमज आधी दूर करावा लागला. रॉटन टोमॅटोजवरची टक्केवारी म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत. एकूण परीक्षणांपैकी किती अनुकूल आहेत, एवढंच ती सांगते. शंभर समीक्षकांना चित्रपट 'जेमतेम बरा' वाटला तरी आकडा शंभर येऊ शकतो, आणि सगळ्यांना तो 'थोडक्यात हुकला' असं वाटलं तरी शून्य. आमच्या चित्रपटाचा आकडा फार खाली होता, पण परीक्षणं एकेक करून वाचली तर बहुतेकांचा सूर संतापाचा नव्हता, हळहळीचा होता. पहिल्या वीस मिनिटांचं कौतुक बऱ्याच जणांनी केलं होतं. घर कसं उजेडात आणलंय, मुलगी किती सहज बोलते, यावर काहींनी अख्खा परिच्छेद खर्च केला होता. म्हणजे आशा लावून पुढे ती मोडणारा चित्रपट होता हा. दुरुस्तीच्या दृष्टीने हा फरक फार मोठा असतो, आणि टक्केवारीत तो दिसत नाही.

निर्णय कुठे चुकले

पहिली जागा चाचणी खेळाची. प्रदर्शनाआधी निवडक प्रेक्षकांना चित्रपट दाखवला आणि फॉर्म भरून घेतले. त्यात एक प्रश्न होता, 'कुठे कंटाळा आला?' असा प्रश्न विचारला की माणूस उत्तर शोधून देतोच. बहुतेकांनी 'मध्ये' लिहिलं. मग मधल्या भागातून नऊ मिनिटं कापली गेली आणि उरलेल्या भागात जागोजागी आवाजाचे धक्के भरले गेले.

त्या नऊ मिनिटांत जिना चढायचा प्रसंग गेला. पूर्ण नाही गेला, म्हणूनच नुकसान लक्षात आलं नाही. मुलगी 'एक, दोन, तीन' म्हणते आणि पुढच्याच शॉटमध्ये ती वरच्या खोलीत. तेरा हा आकडा प्रेक्षकाने ऐकलाच नाही. मग रात्री ती उतरताना चौदा म्हणाली काय आणि चाळीस म्हणाली काय, बघणाऱ्याला त्याचं काहीच वाटणार नाही. त्यातही ती चौदा म्हणते त्या क्षणावर पार्श्वसंगीताचा दणका टाकला होता. आकडा कानावर पडतच नव्हता.

दुसरी जागा शेवटाची. वितरकाला उलगडा हवा होता, दिग्दर्शकाला भूत हवं होतं, आणि शेवटी दोन्ही ठेवलं. भाऊ कबूल करतो की बहिणीने घाबरून घर विकावं म्हणून पावलांचे आवाज तोच लपवलेल्या स्पीकरवरून लावत होता. सगळं शांत होतं. मग शेवटच्या शॉटमध्ये खिडकीत संगणकावर बनवलेली म्हातारी दिसते. काही समीक्षकांनी लिहिलं की कबुली पटत नाही, काहींनी लिहिलं की शेवटच्या शॉटने कबुलीच निरर्थक केली. दोघांचंही बरोबर होतं. भयपटात प्रेक्षक शेवटावर फार मोठा हिशेब ठेवतो. जानेवारी २०२० मध्ये 'द टर्निंग' आला तेव्हा पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांकडून श्रेणी गोळा करणाऱ्या सिनेमास्कोरने त्याला सगळ्यात खालची, एफ श्रेणी दिली, आणि त्याच्या तुटक शेवटावर जवळपास सगळेच बोलले. तिथे उलगडा अपुरा होता, आमच्याकडे एकमेकांना खोडणारे दोन उलगडे होते. प्रेक्षकाला दोन्हीकडे एकच वाटतं : इतका वेळ जे लक्ष देऊन पाहिलं ते वाया गेलं.

तिसरा निर्णय समीक्षकांसाठीचा आधीचा खेळ रद्द करण्याचा. वाईट आकडा प्रदर्शनाआधी बाहेर पडू नये, हा हेतू समजण्यासारखा होता. पण खेळ ठेवला नाही की समीक्षक त्याचा अर्थ लावतातच. ते पहिल्या दिवशी दुपारी स्वतः तिकीट काढून गेले आणि रात्रीपर्यंत लिहून मोकळे झाले. विचार करायला वेळच नव्हता, आणि मनात संशय आधीच होता. त्यात दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने एका मुलाखतीत, लोकांना चित्रपट कळला नाही अशा अर्थाचं काहीतरी बोलून टाकलं. पुढचे चार दिवस चित्रपटापेक्षा त्या वाक्याचीच चर्चा झाली.

समोर असलेले पर्याय

मी आले तेव्हा चार वाटा चर्चेत होत्या. आहे तसा चित्रपट देऊन मोकळं व्हायचं, ही पहिली. शेवट पुन्हा चित्रित करायचा, ही दुसरी. पण घराचा सेट मोडला होता आणि मुलगी वर्षभरात बरीच उंच झाली होती, त्यामुळे ती लगेच बाद झाली.

तिसरी वाट निर्मातीला पसंत होती : 'इतका वाईट की बघायलाच हवा' अशी जाहिरात करायची, रात्रीचे खास खेळ लावायचे, लोकांना हसायला बोलवायचं. यात थोडे पैसे नक्की आले असते. माझा विरोध होता, आणि कारण नायिका. त्या हसण्याचं ओझं तिच्यावर पडणार होतं, कारण पडद्यावर चेहरा तिचा होता आणि दणके तिच्या चेहऱ्यावर टाकलेले होते. भयपटातल्या घाबरलेल्या बाईवर हसणं सोपं असतं. वर्षातल्या सगळ्यात वाईट कामाची थट्टा करणाऱ्या रॅझी पुरस्कारांनी आपल्या पहिल्याच वर्षी स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'द शायनिंग' या भयपटासाठी नायिका शेली डुवाल यांना वाईट अभिनेत्रीचं नामांकन दिलं होतं, आणि ते २०२२ साली मागे घेतलं. मध्ये चार दशकं गेली. मी बैठकीत हे सांगितलं. निर्माती बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग त्यांनी तो प्रस्ताव स्वतःच बाजूला ठेवला.

चौथी वाट उरली. आहे त्या चित्रीकरणातूनच नवं संकलन. दिग्दर्शकाला हे हार मान्य केल्यासारखं वाटत होतं. त्याला पुन्हा 'द शायनिंग'चाच दाखला दिला. १९८० मध्ये अमेरिकेत तो प्रदर्शित झाल्यानंतर कुब्रिक यांनी शेवटाजवळचा रुग्णालयातला प्रसंग चालू प्रतींमधून काढून टाकला, आणि युरोपसाठी आणखी सुमारे पंचवीस मिनिटं कापली. प्रदर्शनानंतर कात्री हातात घेणं ही काही शरमेची गोष्ट नाही.

काय केलं

आधी परीक्षणांचा तक्ता केला. प्रत्येक तक्रारीसमोर दोनच गोष्टी लिहिल्या : समीक्षकाला नेमकं काय जाणवलं, आणि चित्रपटातल्या कोणत्या मिनिटाबद्दल तो बोलतोय. त्यांनी सुचवलेले उपाय मुद्दाम लिहिले नाहीत. दुखतंय कुठे हे प्रेक्षक अचूक सांगतो; का दुखतंय याचा त्याचा अंदाज बरेचदा चुकतो, आणि ते शोधणं त्याचं कामही नाही. 'संथ' म्हणणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा रोख चाळिसाव्या ते साठाव्या मिनिटाकडे होता. म्हणजे नेमका तोच भाग, ज्यातून आधीच नऊ मिनिटं कापली होती.

मग एक साधा प्रयोग केला. दिग्दर्शक, छायालेखक आणि मी, तिघांनी वेगवेगळं बसून घराचा नकाशा काढला, फक्त पडद्यावर दिसतं त्यावरून. तीन नकाशे तीन प्रकारचे निघाले. आजीची खोली माझ्या नकाशात जिन्याच्या डावीकडे, छायालेखकाच्या नकाशात उजवीकडे. दिग्दर्शकाने ती बरोबर जागी काढली, पण त्याने सेट पाहिला होता. झपाटलेल्या घराच्या चित्रपटात हा दोष घातक असतो. कुठलं दार कुठे उघडतं हे ठाऊक असेल तरच ते भलतीकडे उघडल्यावर पोटात गोळा येतो. 'द शायनिंग'मधल्या हॉटेलचा नकाशा नीट जुळत नाही हे अनेकांनी दाखवून दिलंय, पण तिथे तीनचाकी सायकलवरच्या मुलामागून कॅमेरा इतका वेळ फिरतो की आपल्याला ते हॉटेल माहीत आहे अशी खात्री वाटते, आणि मग ती खात्री डळमळते. आमच्या घरात फिरण्याचे शॉट पहिल्यांदा कापले गेले, कारण त्यांत 'काही घडत नव्हतं'.

ते शॉट परत आणले. जिना चढण्याचा प्रसंग पूर्ण ठेवला, एक ते तेरा, एकही कट न घेता. पायातले मोजे, लाकडाचा कुरकुर आवाज, सातव्या पायरीवर तिचं क्षणभर थांबणं. हा शॉट चांगला लांब आहे आणि त्यात खरोखर काहीच घडत नाही. फक्त प्रेक्षक मनातल्या मनात मोजायला लागतो.

आवाजाचे धक्के काढताना माझ्याकडून अतिरेक झाला. आधी मी एकूण एक काढले. ती प्रत सहा जणांना दाखवली, तर चित्रपट कोरडा वाटला. तीन परत घातले. दचक्याला माझा विरोध नाही. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये रात्री एकट्या चालणाऱ्या बाईच्या मागे पावलं वाजत असतात, मग ती थांबतात, ती घाबरून धावते, आणि फिस्सकन आवाज करत एक बस चौकटीत घुसते. संकलक मार्क रॉबसन यांनी बसवलेला तो दचका इतका गाजला की निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या नावाने आजही त्या तंत्राला 'ल्यूटन बस' म्हणतात. पण त्या आवाजाआधीची शांतता ऐकायला हवी. पावलं थांबल्याचं आपण ऐकलेलं असतं, म्हणून बस अंगावर येते. आमच्या दणक्यांआधी शांतता नव्हती, संगीत होतं.

शेवटासाठी सगळ्यात जास्त वाद झाले. कबुली पूर्ण काढता येत नव्हती, भावाचं पात्रच कोसळलं असतं. मग क्रम उलटवून पाहिला. मूळ प्रतीत मुलगी रात्री जिना उतरते ते साठाव्या मिनिटाला, आणि कबुली शेवटी. मी कबुली आधी घेतली. स्पीकर सापडतो, बहीण त्याची वायर उपटून काढते, घर पहिल्यांदा शांत होतं. त्या रात्री मुलगी जिना उतरते. एक, दोन, तीन. आता स्पीकर नाही. आणि तरी चौदा. उलगडा मोडीत न काढता तोच भीतीची पूर्वतयारी झाला. अडचण मुलीच्या स्वेटरची होती, आधीच्या दिवसाचा निळा स्वेटर तिच्या अंगावर होता. चौकट कमरेखाली आणून तो बाहेर ठेवला, प्रतिमा थोडी रवाळ झाली, ती तशीच राहू दिली.

खिडकीतली म्हातारी काढायला दिग्दर्शक तयार नव्हता. त्या शॉटवर बरेच महिने काम झालं होतं. हा मोह नवा नाही. शर्ली जॅक्सन यांच्या 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' या १९५९ च्या कादंबरीवर रॉबर्ट वाइज यांनी १९६३ मध्ये 'द हॉन्टिंग' हा चित्रपट केला. त्यात नुसतं लाकडी दार आत फुगतं आणि अंगावर काटा येतो. १९९९ मध्ये त्याच कादंबरीवर मोठ्या खर्चाचा चित्रपट आला, भुतं संगणकावर अगदी स्पष्ट दाखवली, आणि रॅझीची पाच नामांकनं पदरात पडली. पण दिग्दर्शकाला उदाहरणांनी पटलं नाही. त्याला पटलं ते न वापरलेल्या चित्रीकरणात सापडलेल्या सहा सेकंदांनी.

जिन्याखाली उभी असलेली आई वर बघते, तो शॉट. प्रदर्शित प्रतीत तो एक सेकंदही नव्हता : दणका, विस्फारलेले डोळे, कट. मूळ चित्रीकरणात तो पुढे चालू राहतो. डोळे विस्फारतात. मग भुवया सैल पडतात. ओठ हलतात, जणू एखादं नाव घ्यायचंय. मुलीच्या मागे कोण उभं आहे हे तिने ओळखलंय, आणि सहाव्या सेकंदाला ती हसायला लागते. तिची गेलेली आई आहे तिथे. हे बघितल्यावर खिडकीतल्या म्हातारीची गरजच उरली नाही. दिग्दर्शकाने तो शॉट तीनदा बघितला आणि स्वतः म्हणाला, इथेच संपवू.

एकाच पट्टीत घाबरण्याच्या तक्रारीचं उत्तरही यात होतं. तिच्या चेहऱ्यावर भाव बदलायला लागला की दर वेळी कट आला होता. चार वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारी, पण चारही एकाच कापाकापीतून आल्या होत्या.

निष्पत्ती

नवी प्रत आधीपेक्षा दोन मिनिटांनी लहान झाली, तरीही तिच्यातले प्रसंग लांब आहेत. टक्केवारी जिथे होती तिथेच राहिली. जुनी परीक्षणं मोजली गेली होती आणि नव्या प्रतीवर लिहिणारे मोजकेच होते. आधी लिहिलेल्या दोन समीक्षकांनी ती पुन्हा पाहिली. एकीने जिन्यावर जवळपास अर्धं परीक्षण लिहिलं आणि नायिकेबद्दलचं आपलं आधीचं मत बदललं. दुसऱ्याने शेवट सुधारल्याचं मान्य केलं, पण भावाचं पात्र अजून कच्चं आहे आणि कबुली बोलण्यात फार लवकर उरकते असं लिहिलं. ते खरं आहे. पटकथेतलीच उणीव होती, संकलनात ती भरून निघाली नाही. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांत 'संथ' हा शब्द क्वचितच दिसला.

पैसे वसूल झाले नाहीत. दिग्दर्शकाचा पुढचा प्रकल्प लांबला. नायिकेला दोन कामं मिळाली. त्यांचा या प्रतीशी संबंध आहे असा दावा मी करणार नाही.

पुन्हा करायचं झालं तर

चाचणी खेळाच्या फॉर्मवर 'कुठे कंटाळा आला?' ऐवजी 'जिना उतरताना मुलीने किती मोजले?' असा प्रश्न असता, तर सगळा घोटाळा त्याच दिवशी उघडा पडला असता. भयपटाच्या चाचणीत आवडनिवड विचारण्याआधी प्रेक्षकाला काय कळलं ते विचारायला हवं. समीक्षकांचा खेळ ठेवायला हवा होता. वाईट परीक्षणं यायचीच होती, पण निदान ती निवांतपणे लिहिली गेली असती. मुलाखत आठवडाभर टाळायला हवी होती. नव्या प्रतीला वेगळं नाव द्यायला हवं होतं, कारण आज दोन्ही प्रती एकाच नावाखाली फिरतात आणि जुनी परीक्षणं वाचून लोक नवी प्रत बघायला बसतात, किंवा बसत नाहीत.

माझ्या बाजूने एक गोष्ट मी पहिल्या दिवशी करायला हवी होती, ती शेवटच्या आठवड्यात केली. मूळ संकलिकेला फोन. ती या चित्रपटाचं नाव टाळत होती, आणि तिला दुखवायचं नाही म्हणून मीही टाळत होते. बोलल्यावर तिने आपली जुनी वही पाठवली, चित्रीकरणाच्या काळातली, प्रत्येक शॉटसमोर एक-दोन शब्द. जिन्याखालच्या त्या शॉटसमोर तिने पेन्सिलीने लिहिलं होतं : 'पूर्ण ठेवायचा. हसते.'